एमबीबीएसच्या नोट्ससाठी टॅब घ्यावा की लॅपटॉप?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला प्रवेश मिळालाय, घरून एकाच वस्तूचे पैसे मिळणार आहेत. बाबा म्हणतात लॅपटॉप घे, पुढेही कामाला येईल. सीनियर म्हणतात आयपॅडशिवाय हल्ली निभत नाही. तुला स्वतःला बारावीपर्यंत वहीत लिहायची सवय आहे आणि ती मोडावी लागेल की काय याची धास्ती वाटते. शिवाय सीनियरच्या पीडीएफ नोट्स मिळत असताना स्वतःच्या काढायच्याच कशाला, असंही तू विचारलंयस.

मी अ‍ॅनाटॉमी म्हणजे शरीररचनाशास्त्र शिकवते. रंगीत खडूंनी फळाभर आकृत्या काढण्यापासून टॅबवर काढून पडद्यावर दाखवण्यापर्यंतचा सगळा बदल वर्गात उभं राहून पाहिलाय. माझ्याकडे मेंटी म्हणून, म्हणजे मार्गदर्शनासाठी, जी मुलं येतात त्यांच्या वह्या, टॅब, लॅपटॉप मी उघडून बघते, कारण मार्क कुठे अडकलेत हे तिथेच कळतं. त्या अनुभवावरून सांगते. वर्गातल्या सवयीने तुला एकेरीत बोलतेय.

आधी उत्तर देऊन टाकते. एकच घेणं शक्य असेल तर पेन चालणारा टॅब घे. लॅपटॉप थर्ड एमबीबीएसपर्यंत थांबला तरी चालतो. पण यातलं काहीही पहिला महिना-दीड महिना घेऊ नकोस, आणि वही तर मुळीच सोडू नकोस. आता हे असं का, ते नीट सांगते, म्हणजे तुझी परिस्थिती वेगळी असेल तर तुझा निर्णय तुला घेता येईल.

तू विचारलंयस ‘नोट्स कशावर काढू’. माझ्या मते त्याच्याआधी विचारायला हवं की या नोट्सचं पुढे काय होणार आहे. नीटला तू पर्यायांतून उत्तर निवडत होतीस. एमबीबीएसच्या युनिव्हर्सिटी परीक्षेत एमसीक्यूचा भाग थोडा, बाकी सगळं हाताने लिहायचं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पेपरवर सूचनाच छापलेली असते, की आवश्यक तिथे आकृती काढा. शंभर मार्कांचा पेपर, तीन तास. म्हणजे पाच मार्कांच्या प्रश्नाला आठ-नऊ मिनिटं, आणि त्यातली आकृतीला फार तर तीन-चार. नंतर व्हायव्हात समोर बसून तोंडी सांगायचं, प्रॅक्टिकलला स्पॉटर्स (टेबलावर मांडलेले नमुने, स्लाइड्स) ओळखायचे, आणि पुढल्या वर्षी वॉर्डात रुग्णासमोर उभं राहून तेच आठवायचं. या चारही ठिकाणी तुझ्या हातात स्क्रीन नसते. तेव्हा नोट्स सुंदर दिसतात का, हा प्रश्न बाजूला ठेव. त्या नोट्स तुला बिनास्क्रीनचं आठवायला लावतात का, तेवढं बघ. वस्तू कोणती हे त्या हिशेबाने ठरतं.

लॅपटॉपवर वर्गात टाइप करणारी मुलं मी पाहते. वेग चांगला असतो, म्हणूनच घात होतो. शिक्षक बोलतील ते शब्दशः उतरत जातं आणि डोक्यातून काही जात नाही. २०१४ मध्ये प्रिन्स्टन आणि यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठांतल्या दोन संशोधकांनी यावर प्रयोग केले होते. लॅपटॉपवाले शब्दशः जास्त उतरवतात आणि संकल्पनेच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात, असा निष्कर्ष निघाला. हे संशोधन फार गाजलं, आजही शिक्षक त्याचा दाखला देतात. पण २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तेच प्रयोग पुन्हा केले तेव्हा फरक इतका ठळक आला नाही. म्हणून ‘हाताने लिहिलं की आपोआप लक्षात राहतं’ असं मी तुला सांगणार नाही. हाताने शब्दशः उतरवणारीही मुलं आहेत, त्यांच्या वह्या भरतात आणि पेपर कोरे राहतात. माझा लॅपटॉपला खरा आक्षेप साधा आहे: अ‍ॅनाटॉमी, हिस्टॉलॉजी (ऊतींचा अभ्यास), एम्ब्रिऑलॉजी (गर्भाच्या वाढीचा अभ्यास) यांतल्या आकृत्या आणि फिजिओलॉजीचे निम्मे आलेख कीबोर्डवर काढताच येत नाहीत. पहिल्या वर्षात जे सर्वात जास्त करायचं असतं, तेच लॅपटॉपला जमत नाही.

आता टॅबकडे. त्याचा खरा फायदा वर्गात दिसतो. हल्ली बहुतेक शिक्षक पीपीटीची पीडीएफ आधी किंवा नंतर देतात. ती टॅबवर उघडून ठेवायची आणि स्लाइडवर जे नाही पण शिक्षक बोलले, तेवढंच त्यावर लिहायचं. एका स्लाइडवर दोन-तीन ओळींच्या वर जाऊ नकोस. ‘ही नस इथेच का दाबली जाते’, ‘हा प्रश्न व्हायव्हात येतो’, ‘मागच्या लेक्चरच्या त्या आकृतीशी जोड’ असलं काही. एवढंच लिहायचं असलं की कान शिक्षकाकडे राहतात.

संध्याकाळचं काम याहून महत्त्वाचं, आणि ते कागदावर करायचं. एक उदाहरण घेऊन दाखवते, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. बहुतेक कॉलेजांत सुरुवात अप्पर लिम्बने होते, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) येईल. वर्गातून आलीस की टॅब बंद करून बाजूला ठेव. एक कोरा ए-फोर कागद घे, साधा बॉलपेन घे, आणि घड्याळ लावून आठवेल तसं काढ. सी ५ ते टी १ अशा पाच रूट्स. त्यांचे तीन ट्रंक्स: सी ५ आणि सी ६ मिळून अप्पर, सी ७ एकटी मिडल, सी ८ आणि टी १ मिळून लोअर. प्रत्येक ट्रंकचे दोन म्हणजे सहा डिव्हिजन्स. तिन्ही पोस्टिरिअर डिव्हिजन्स एकत्र येऊन पोस्टिरिअर कॉर्ड, वरच्या दोन अँटिरिअर डिव्हिजन्सची लॅटरल कॉर्ड, खालची एकटी पुढे जाऊन मिडिअल. शेवटी पाच मोठ्या नर्व्हज. पहिल्या दिवशी तुझं गाडं ट्रंक्सपाशीच अडेल, अडू दे. अडलं तिथे पुस्तक न उघडता आणखी दोन मिनिटं बस. मगच टॅब उघड आणि लाल पेनने कागदावर दुरुस्ती कर. जे लाल झालं तेच तुला येत नाही. आता टॅबवरच्या त्या पानावर फक्त तेवढ्याच जागी खूण कर. आठवड्याने तो धडा पुन्हा काढशील तेव्हा नजर आधी त्या खुणांवर जाईल.

हा आग्रह नुसता माझा नाही. २००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झालेला एक प्रयोग मी दरवर्षी नव्या बॅचला सांगते. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून रात्री टॅबवर पानं सरकवत वाचलं की ‘सगळं येतंय’ असं वाटतं आणि टर्मिनलला (कॉलेजच्या सत्र परीक्षेला) पेन हलत नाही. त्या रात्रीची खात्री खोटी नसते, ती फक्त पाच मिनिटांपुरती असते.

टॅबवर आकृत्यांचा सराव करताना आणखी एक काळजी घे. टॅबला झूम आहे, अन्डू आहे, रेघ आपोआप सरळ करणारी सोय आहे. मुली चार पट मोठं करून नाजूक धमन्या काढतात, चुकलं की दोन बोटांनी टिचकी मारून पुसतात, बारा रंग वापरतात, आणि अर्ध्या तासात अशी आकृती तयार होते की पुस्तकात छापावी. त्याच मुलीच्या उत्तरपत्रिकेत तीच आकृती निम्म्या पानात मावत नाही, नावं एकमेकांवर चढतात आणि वेळ संपतो. परीक्षेत कागद मोठा होत नाही आणि रेघ परत घेता येत नाही. म्हणून सरावाची आकृती कागदावर, एकाच पेनाने आणि पेन्सिलने, घड्याळ लावून काढायची. टॅबवर काढायचीच असेल तर झूम न करता, अन्डूला हात न लावता काढ.

हिस्टॉलॉजीत तर प्रश्नच येत नाही. तिथलं जर्नल हाताने पूर्ण करावं लागतं आणि त्यावर सही घ्यावी लागते. स्लाइडला दिलेल्या हिमॅटॉक्झिलिन-इओसिन या रंगांच्या जांभळ्या आणि गुलाबी पेन्सिली सगळ्या बॅचच्या कंपासपेटीत दिसतील. मायक्रोस्कोपमधून बघत बघत, न्यूक्लिअस जांभळा आणि सायटोप्लाझम गुलाबी करत जे काढलं जातं ते स्पॉटरला डोळ्यासमोर येतं. शिक्षकांनी परवानगी दिली तर आयपीसमधून मोबाइलने स्लाइडचा फोटो घे आणि टॅबवर ठेव, पण जर्नल भरण्यासाठी त्या फोटोवरून उतरवू नकोस. स्लाइड बघतच काढ.

उलट एम्ब्रिऑलॉजीत टॅबसारखं दुसरं साधन नाही. तिथे चित्र स्थिर नसतं, आठवड्यागणिक बदलतं. मिडगटचं, म्हणजे गर्भातल्या मधल्या आतड्याचं, रोटेशन घे. सहाव्या आठवड्यात आतड्याचं वेटोळं नाळेत शिरतं, दहाव्याच्या सुमारास परत पोटात येतं आणि या सगळ्यात सुपिरिअर मेझेंटेरिक आर्टरी या आतड्याच्या धमनीच्या आसाभोवती एकूण २७० अंश घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं. वहीत हे काढताना दर वेळी पहिल्यापासून काढावं लागतं. टॅबवर पहिली अवस्था काढ, पानाची प्रत कर, तेवढाच बदल कर, पुन्हा प्रत कर. पाच-सहा पानं भराभर सरकवलीस की आतडं फिरताना दिसतं. वर्गात मी हेच करते, आणि ज्या मुलांना हा भाग फक्त शब्दांत पाठ होता त्यांना सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) उजव्या बाजूला खाली का येतं हे पहिल्यांदा कळतं.

टॅबच्या बाजूने आणखी एक मोठं कारण आहे, ते तुला आज दिसणार नाही. नोट्स साडेचार वर्षं वाढत जाव्या लागतात. ब्रेकियल प्लेक्ससच्या पानावर फर्स्ट इयरला तू एर्ब्स पाल्सी लिहिशील: वरचा ट्रंक ताणला गेला की हात शरीराला चिकटलेला, आतल्या बाजूला वळलेला, कोपरात सरळ आणि पंजा मागे फिरलेला. पुढे ऑब्स्टेट्रिक्सला शोल्डर डिस्टोशिया (प्रसूतीत बाळाचा खांदा अडकणं) शिकशील, पीडिॲट्रिक्सच्या वॉर्डात तसं एखादं बाळ बघशील. तेव्हा कळलेली गोष्ट याच पानाला जोडता आली पाहिजे. वहीत जागा नसते, आणि खरं सांगायचं तर फर्स्ट इयरची वही फायनलला कोणाला सापडतही नाही. टॅबवर मध्ये कोरं पान घालता येतं. म्हणून फाइल्स तारखेनुसार किंवा शिक्षकांच्या नावाने ठेवू नकोस. अवयव आणि भागानुसार ठेव: अप्पर लिम्ब, थोरॅक्स, अ‍ॅब्डोमेन. ‘लेक्चर १७’ नावाची फाइल दोन वर्षांनी कोणाच्याच उपयोगाची नसते.

डिसेक्शन हॉलमध्ये (डीएच, जिथे मृतदेहावर शिकतात) मात्र टॅब नेऊ नकोस. एक तर हाताला फॉर्मलिन आणि चरबी लागलेली असते, ते स्क्रीनवर आणि तिथून जेवणाच्या टेबलावर येतं. पण खरं कारण ते नाही. तिथे जी व्यक्ती टेबलावर आहे तिने, किंवा तिच्या घरच्यांनी, विश्वासाने देह दिलाय. काही देह बेवारस म्हणून १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टखाली आलेले असतात, त्यांना तर विचारणारंही कोणी नव्हतं. त्या देहाचा फोटो तुझ्या गॅलरीत, तिथून क्लाउडवर, तिथून कुणाच्या ग्रुपवर जाणं मला अजिबात मान्य नाही, आणि कॉलेजांचे नियमही तसेच कडक असतात. डीएचमध्ये हाताने शोधायचं, बोटाने चाचपायचं, टेबलमेटला समजावून सांगायचं. बाहेर येऊन हात धुतल्यावर दहा मिनिटं बसून आठवेल ते कागदावर लिहायचं.

रुग्णांच्या बाबतीतही हेच, आणि हे पहिल्या वर्षापासूनच लागू होतं, कारण फॅमिली अ‍ॅडॉप्शन प्रोग्राममध्ये तू लवकरच गावातल्या कुटुंबांना भेटायला जाशील. पुढे पोस्टिंगला केस घेशील. तिथे टॅब मध्ये आला की बोलणं तुटतं. आजी आपल्या दम्याबद्दल सांगत असताना तुझी मान स्क्रीनमध्ये असेल तर त्या दोन वाक्यांत आटोपतील, आणि निदान बऱ्याचदा तिसऱ्या वाक्यात असतं. अ‍ॅप्रनच्या खिशात मावणारी डायरी ठेव, मोजके शब्द टिप, संध्याकाळी टॅबवर केस नीट लिहून काढ. लिहिताना नाव, आयपीडी (दाखल रुग्णाचा) नंबर, गाव, चेहरा यातलं काहीही घालायचं नाही. ‘५५ वर्षांचा पुरुष, शेतमजूर, दोन आठवडे खोकला’ एवढं अभ्यासाला पुरतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण वैद्यकीय व्यवसायाचा गुप्ततेचा नियम त्याच्या कितीतरी आधीचा आहे. जखमेचा किंवा एक्स-रेचा फोटो हवा असेल तर आधी रुग्णाला विचार, युनिटच्या सरांना विचार, आणि तरीही ओळख पटेल असं काही त्यात नको.

आता लॅपटॉपची बाजू, म्हणजे तुझ्या बाबांची. ते चुकीचं म्हणत नाहीत, फक्त वेळ चुकतेय. फार्माकॉलॉजीचे लांबलचक तक्ते, कम्युनिटी मेडिसिन, सेमिनारची पीपीटी, हे सगळं लॅपटॉपवर सुखाने होतं. आयसीएमआरच्या एसटीएस या विद्यार्थी संशोधन योजनेत भाग घेशील तर प्रपोजल, डेटाशीट, रिपोर्ट टॅबवर लिहिणं म्हणजे छळ आहे. पण हे सगळं सेकंड-थर्ड इयरचं काम आहे. तोवर लागलाच तर कॉलेजच्या लायब्ररीत कॉम्प्युटर असतात. लॅपटॉपच्या किमती आणि बॅटऱ्या दोन वर्षांत बदलतात, तेव्हा आज घेऊन तो जुना करण्यापेक्षा काम आल्यावर घ्यावा.

परिस्थितीनुसार माझं उत्तर कुठे बदलेल तेही सांगते. घरात लॅपटॉप आधीच असेल तर दुसरा घ्यायचा विचारही नको. धाकट्या भावंडाच्या शिक्षणासाठीही तीच वस्तू वापरायची असेल तर लॅपटॉप घे आणि वर्गात वही वापर, तुझं काही अडणार नाही. स्क्रीनने डोकं दुखत असेल, अर्धशिशी असेल, तर टॅबवर खर्च करण्याआधी मैत्रिणीच्या टॅबवर चार संध्याकाळी वाचून बघ. तुझ्या कॉलेजात वर्गात उपकरणं चालतच नसतील, आणि काही शिक्षक खरोखरच चालू देत नाहीत, तर टॅबचा निम्मा फायदा तिथेच गेला. म्हणूनच पहिला महिना-दीड महिना थांब असं म्हटलं. आणि घरी त्या पैशांसाठी कर्ज काढावं लागणार असेल तर काहीही घेऊ नकोस. वही, झेरॉक्स आणि तुझ्याकडे आहे तो मोबाइल यांवर दरवर्षी मुलं उत्तम पास होतात, डिस्टिंक्शनही काढतात. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, निकाल लागल्यावर बघते म्हणून सांगते.

टॅब घेताना काय बघायचं? दहा-अकरा इंची स्क्रीन, त्याहून लहान असेल तर पीडीएफ वाचताना डोळे शिणतात. स्टोरेज १२८ जीबी, कारण ६४ व्हिडिओ लेक्चरांनी भरून जातं. पेन खरा असावा, म्हणजे हाताचा तळवा स्क्रीनवर टेकला तरी रेघ उमटू नये. सॅमसंगच्या एस-६ लाइटसारख्या टॅबबरोबर पेन डब्यातच येतो. आयपॅडला पेन्सिल वेगळी घ्यावी लागते, ती किंमत आधीच धर. त्यातल्या यूएसबी-सीवाल्या स्वस्त पेन्सिलला दाबानुसार रेघ जाड-बारीक करता येत नाही, पण नोट्सला त्याची गरजही नाही. सर्वात महागडं मॉडेल घेण्याचं एकही कारण मला माहीत नाही. सेकंडहँड घेणार असलीस तर दुकानातच पेनाने पानभर लिहून बघ आणि बॅटरी तासभरात किती उतरते ते पाहा. कव्हरवर स्वतःचं नाव लिही, रीडिंग रूममध्ये सगळ्यांचे टॅब सारखेच दिसतात. वॉर्डात चुकून नेलाच तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसून मगच बॅगेत टाक.

अ‍ॅपच्या नादात दिवस घालवू नकोस. सॅमसंग नोट्स, वननोट, गुडनोट्स, कुठलंही चालेल. एकच अट, आठवड्यातून एकदा सगळं पीडीएफ करून दुसऱ्या ठिकाणी ठेवायचं. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळते, हाताने लिहिलेल्या नोट्सना ती बरेच दिवस पुरते. अ‍ॅपची स्वतःची फाइल त्या अ‍ॅपशिवाय उघडत नाही, पीडीएफ कुठेही उघडते. दरवर्षी प्रिलिमच्या तोंडावर कोणाचा तरी टॅब पडतो, फुटतो नाहीतर चोरीला जातो. ज्यांनी पीडीएफ ठेवलेल्या असतात ती मुलं त्याच रात्री झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणतात आणि अभ्यासाला बसतात.

अंकीबद्दल, म्हणजे प्रश्न-उत्तराची कार्डं ठरावीक दिवसांनी पुन्हा विचारणाऱ्या अ‍ॅपबद्दल, तू ओझरतं विचारलंयस. ते जरूर वापर, आणि मोबाइलवरच वापर. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर ते फुकट आहे, आयफोन-आयपॅडवर पैसे पडतात. पण तयार, हजारो कार्डांचे डेक (संच) उतरवून घेऊ नकोस. त्यातले गाजलेले डेक अमेरिकेच्या परीक्षेसाठी केलेले आहेत, तुझ्या टर्मिनलशी त्यांचा मेळ बसत नाही, आणि चार दिवस राहिलं की साचलेल्या कार्डांचा ढीग पाहून मुलं अ‍ॅपच काढून टाकतात. रोजच्या लाल खुणांमधून दहा-पंधरा कार्डं स्वतः कर, एका कार्डावर एकच गोष्ट. तुझ्याच आकृतीवरची नावं झाकून कार्ड करायची सोय त्यात आहे, अ‍ॅनाटॉमीला ती फार कामाची. मेसच्या रांगेत, बसमध्ये, लेक्चर सुरू व्हायच्या आधी ती संपतात. पुढे नीट-पीजी कॉम्प्युटरवर आणि एमसीक्यूचीच असते, तिथे ही सवय कामी येते. मात्र अंकीमुळे लिहायचा सराव होत नाही, संध्याकाळचा कागद त्याच्या जागी राहिलाच पाहिजे.

इथवरचं एकत्र करून सांगायचं तर: वर्गात टॅबवर पीडीएफच्या बाजूला मोजकं लिहायचं, संध्याकाळी कागदावर न बघता काढायचं, चुकलेलं टॅबवर खुणायचं, त्यातलं आठवणीचं अंकीत टाकायचं. डीएच आणि वॉर्डात फक्त डोळे, हात आणि खिशातली डायरी.

राहिला सीनियरच्या नोट्सचा प्रश्न. घे, संकोच करू नकोस, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नोट्सची झेरॉक्स फिरत आलीय. पण त्या कशासाठी वापरायच्या ते ठरव. युनिव्हर्सिटीला कोणते प्रश्न वारंवार येतात, कोणत्या परीक्षकांना काय आवडतं, कुठल्या धड्यावर किती वेळ घालवायचा, हे सीनियरच्या नोट्स फार छान सांगतात. एखादी गोष्ट पहिल्यांदा समजून घेण्यासाठी मात्र त्या निकामी असतात, कारण त्या समजलेल्या माणसाने स्वतःला आठवण राहावी म्हणून लिहिलेल्या असतात. मधली पायरी त्याने लिहिलेलीच नसते, त्याला तिची गरज नव्हती. मेंटी मुलांच्या टॅबवर मला बऱ्याचदा तीन बॅचच्या नोट्स, चार क्लासेसच्या पीडीएफ आणि टेलिग्रामवरून उतरवलेली सगळी पाठ्यपुस्तकं दिसतात. स्वतःच्या हातची पानं विचारली की पाच-सहा निघतात. ही मुलं आळशी नसतात, उलट फार घाबरलेली असतात, काही सुटायला नको म्हणून गोळा करत राहतात. मी त्यांना एका विषयाला एक पुस्तक ठरवायला लावते, बाकीचं सगळं वेगळ्या फोल्डरमध्ये हलवायला लावते आणि पुढल्या सोमवारी येताना एकच धडा स्वतःच्या पाच पानांत आणायला सांगते. तूही पहिला धडा तसाच करून बघ. अप्पर लिम्बमधला अ‍ॅक्झिला घे, तो ब्रेकियल प्लेक्ससच्या आधी येतो आणि पाच पानांत बसतो.